समुद्रात दम धरायचा नसतो

आत्या,

जे झालं ते आधी क्रमाने लिहिते.

१. गोव्याला, पाठीवर हवेचं सिलिंडर बांधून समुद्राखाली जायला शिकत होते. चारपैकी दुसरी बुडी होती.
२. दहा मीटर खाली डोळ्यांवरच्या चष्म्यात पाणी शिरलं.
३. मी दम धरला आणि वर निघाले.
४. शिकवणारीने माझा पट्टा पकडून मला जागीच थांबवलं. माझ्या तोंडातून फुगे निघेपर्यंत तिने हात काढला नाही.
५. इजा झाली नाही. उरलेल्या दोन बुड्यांसाठी परत यायचं की नाही, हे मला शनिवारी तिला कळवायचं आहे.

यातला तिसरा मुद्दा गंभीर आहे. खाली आपण जी हवा घेतो ती दाबलेली असते. वर येताना ती फुगते, आणि तोंड बंद असेल तर फुप्फुस फाटू शकतं. म्हणून या विद्येचा पहिला नियम आहे, श्वास कधीही रोखायचा नाही. मला तो माहीत होता. लेखी परीक्षेत मी तो बरोबर लिहिला होता. वर्धेला एका दवाखान्यात मी श्वासाच्या यंत्रांची देखभाल करते, हवेचा दाब हा माझा रोजचा विषय आहे. तरी चष्म्यात पाणी आलं तेव्हा मला पुस्तक आठवलं नाही. तुझा आवाज आठवला: "दम धर वं! पाण्यात तोंड उघडलं का मेली!"

हिंगणीची ती वावरातली विहीर. दुपारी गडीमाणसं जेवून झाडाखाली लवंडली की आपली पाळी. गावातली पोरं पोहायला शिकायची ती काकाने नाहीतर मामाने मागून ढकलून दिल्यावर; चार घोट पाणी पोटात जायचं, वरचे सगळे हसायचे आणि पोरगं शिकलं असं धरलं जायचं. पोरींना तर कोणी शिकवतच नव्हतं. तू म्हणायचीस, पाणी भरायले पोरी जातात, पाय पोरींचा घसरते, अन् पोहणं पोरांले! विहिरीचा मालक एकदा धोतर सावरत काठाशी आला. "बाई, पोरींचे बेंडूक बनवून राह्यली का?" तू पाण्यातूनच म्हणालीस, "हो, भाऊ. तुमचीले बी पाठवा. बेंडूक बुडत नाई." दुसऱ्या दिवशी त्याची मुलगी आली. पाठीला बांधायला तेलाचा रिकामा पिपाही घरून घेऊन आली.

तू आधी स्वतः तळाशी जायचीस आणि मूठभर गाळ वर आणून आम्हाला दाखवायचीस. खाली काय आहे ते पोरीला कळलं पाहिजे, मग ती उतरेल. माझ्या कमरेला दोर असतो, त्याचं टोक तुझ्या हातात. तू विचारतेस, "सोडू का?" मी म्हणते नाही. "नाई तं नाई." आणि तू खरंच सोडत नाहीस. असं किती दिवस चाललं ते आठवत नाही, पण बाकीच्या पोरी सुट्या पोहत होत्या आणि मी दोराला बांधलेली होते. मालकाची मुलगी म्हणाली, "आत्या, गुपचूप सोडून द्या ना, तिले काय समजते!" तू तिच्याकडे असं पाहिलंस की ती पायऱ्या चढून वर गेली. "आज गुपचूप सोडला तं उद्या ते माह्या हातावर भरोसा ठेवीन का?" मग एका दुपारी मी हो म्हणाले. तू दोर सोडलास, मोकळं टोक मला दिसेल असं वर धरलंस, आणि मी पलीकडच्या पायरीला जाऊन लागले. तू शाबासकी दिली नाहीस. "आता तिकून इकडे ये," एवढंच म्हणालीस.

गोव्यातला माझा पहिला शिक्षक तरबेज होता. सिलिंडरची तपासणी कधी झाली असं मी विचारलं, तर म्हणाला, "मॅडम, टेन्शन नका घेऊ." तलावातल्या सरावात त्याने मागून येऊन माझा चष्मा ओढून काढला. वर आल्यावर हसला. "समुद्र काय विचारून येतो?" मला काही झालं नव्हतं. मी कपडे बदलले आणि परत गेले नाही. मैत्रीण म्हणाली, तू फार ताठ आहेस. असेन. पण समुद्र विचारत नाही, म्हणूनच शिकवणाऱ्याने विचारायला हवं.

आत्ताची शिकवणारी मला बुड्या शिकवणाऱ्या तिसऱ्या दुकानात सापडली. न विचारता तिने सिलिंडरवरचा तपासणीचा शिक्का दाखवला. स्वतः नळीतून श्वास घेत हवेचा दाब दाखवणाऱ्या काट्याकडे पाहत राहिली. श्वासाबरोबर काटा हलला तर झडप पुरती उघडलेली नसते. पहिल्या दिवशी पाणी गढूळ होतं म्हणून तिने बोट काढली नाही, आणि कुरकुरणाऱ्यांना चहा पाजला. चष्मा काढायच्या सरावाआधी ती खुणेने विचारायची आणि मी मान हलवेपर्यंत थांबायची. आत्या, तिच्या हातात दोर नव्हता, एवढाच फरक.

मी दम धरला त्या दिवशी, वर आल्यावर बोटीवर तिने विचारलं, "पोहायला कुठे शिकलीस?"

"विहिरीत."

"वाटलंच. दम धरणारे सगळे विहिरीतले असतात. शिकवणारी चांगली होती?"

"हो."

"मग ही सवय सुटायला वेळ लागेल. वाईट शिकवलेलं लवकर सुटतं." तिने टॉवेल माझ्याकडे दिला. "मी ओढून नेणार नाही. घरी जा, विचार कर."

तू वारलीस तेव्हा मी अकरावीत होते. त्यानंतर मी कोणाकडूनही काही शिकले तर आधी त्याचे हात पाहिले. तू दिलेल्या सवयींपैकी एकही मोडावी लागली नव्हती. ही पहिली. पाण्याखाली तिने माझ्या डोळ्यांसमोर स्वतःच्या तोंडातून एकेक फुगा सोडून दाखवला, आणि मला कळत होतं ती काय सांगते आहे. तरी काही क्षण मी तोंड उघडलं नाही. तिचं ऐकायचं की तुझं, हे ठरत नव्हतं.

हे मी तिला सांगितलेलं नाही. चष्मा ढिला होता, असं सांगितलं.

मला जायचं आहे. दम सोडू का, एवढंच विचारायचं आहे. शनिवारी संध्याकाळी मी तिला फोन करणार. शुक्रवारपर्यंत कळव.