सोनेरी कागदातलं चॉकलेट

प्रिय शालन,

पस्तीस वर्षांच्या संसारात तुला 'प्रिय' कधी म्हटलं नाही, आणि आजही लाडानं म्हणत नाहीये. मी चिडलोय तुझ्यावर. तू असतीस तर समोर बसवून भांडलो असतो. नाहीस, म्हणून सकाळी उठून नातीच्या वहीतलं पान फाडलं आणि लिहायला बसलो.

काल आपल्या सईला नऊ वर्षं पूर्ण झाली. तू गेल्यानंतरचा हा पहिलाच वाढदिवस. आठ दिवस पोरीचा एकच धोशा, "आबा, आज्जीसारखाच चॉकलेटचा केक पाहिजे." सूनबाई म्हणाली, "मामा, केक मी भाजते, चॉकलेट तेवढं तुम्ही आणा." मी शिरूरच्या स्टँडजवळच्या दुकानातून चांगली जाडजूड स्लॅब उचलून आणली. चॉकलेट म्हंजी चॉकलेट, त्यात काय एवढं बघायचं!

केक कापला. विजू म्हणाला, "छान झालाय." सूनबाई म्हणाली, "छान झालाय की." सईनं घास तोंडात घेतला, जरा थांबली, औषधासारखा गिळला आणि आईकडं बघून म्हणाली, "छान आहे, आबा." मग ताटली हळूच लांब सरकवली.

ते तोंड मी ओळखलं, शालन! अगदी तसंच तोंड मी दरवर्षी बघत आलो होतो. आपल्या लग्नाच्या वाढदिवसाला.

काय चुकलं ते बघायला मी गच्चीवरच्या तुझ्या खोलीत गेलो, जिथं तू बायकांचा चॉकलेटचा क्लास घ्यायचीस. जिन्यात मध्येच एकदा चप्पल नीट करायला टेकलो, मग वर पोचलो. तुझी निळी वही काढली. एका पानावर मोठ्या अक्षरात लिहिलं होतं, 'वाईट चॉकलेट कसं ओळखायचं'. आणि खाली पिन मारून लावलेला सोनेरी कागद.

माझा कागद! रांजणगावच्या कंपनीतून सुटलो की दरवर्षी त्या तारखेला मी तुला जे चॉकलेट आणायचो, त्याचा! शेजारी तू लिहिलंयस, 'कोको बटरच्या जागी वनस्पती तेल. मोडलं तर टक् आवाज येत नाही, नुसतं वाकतं. चावू नका, जिभेवर ठेवून बघा, मेणासारखं टाळूला चिकटतं.' आणि सगळ्यात खाली, बारीक अक्षरात, 'सॅम्पल घरचंच आहे. बायांना सांगू नये.'

अगं, बायांना नको सांगूस, पण मला? मला तरी सांगायचं होतंस! तालुक्यातल्या बायकांना तू शिकवलंस की जे नुसतं खाववत नाही ते केकात घालू नका, भेट द्यायचं असेल तर चमक आणि तारीख बघून घ्या. आणि घरात तुझा नवरा वर्षानुवर्षं मेण आणत होता, तर तू समोर बसून अख्खं संपवायचीस. मी विचारायचो, "कसंय?" तू म्हणायचीस, "छान हाय की!" काय गरज होती? माझी कीव आली होती का तुला?

भांडगावची गोष्ट आठवते? तुझ्या भाचीचा साखरपुडा, मे महिना. तू आठवडाभर राबून स्वतःच्या हातानं चॉकलेटचा डबा भरला होतास. वर मी पण माझे दोन सोनेरी घेतले. वाटेत न्हावऱ्याहून चौफुल्यापर्यंत सगळं गाडीच्या डिकीत तापलं. तुझ्या माहेरी डबा उघडला तर तुझ्या चॉकलेटचा नुसता चिखल, आणि माझी जशीच्या तशी! मी सगळ्या पाहुण्यांत ओरडलो, "बघा, हिच्या क्लासपेक्षा माझं दुकानातलं बरं!" पाव्हणे हसले. तूही हसलीस.

काल वहीत वाचलं. जे तोंडात विरघळतं ते उन्हातही विरघळणारच, आणि जे डिकीत टिकतं ते जिभेवरही तसंच बसतं. म्हणजे तुला तेव्हाच ठाऊक होतं. चार लोकांत मला गप्प करायचं होतंस ना! मी तुझी फजिती केली आणि तू माझी लाज राखलीस. कुणी सांगितला होता हा मोठेपणा?

पण राग चॉकलेटचा नाही, शालन. खोटं कशाला बोलू?

मागच्या थंडीत तू भांडी घासता घासता छातीवर हात दाबून उभी राहायचीस. मी विचारलं, "काय होतंय?" तू म्हणालीस, "गॅस झालाय. छान हाय की मी, मला काय धाड भरलीय?" तेच शब्द आणि तेच तोंड. मी ते चॉकलेटच्या वेळी ओळखलं नाही आणि छातीच्या दुखण्याच्या वेळीही नाही. डॉक्टर नंतर म्हणाले, त्रास बरेच दिवस असणार, आधी आणायला हवं होतं. कसं आणणार? तू सांगितलंस का? एकदा तरी म्हणायचंस, "अवो, न्हाई सोसवत!" तुला उचलून नेलं असतं गं.

तर वही काखेत मारून मी तरातरा खाली आलो आणि सईवर ओरडलो. हो, वाढदिवसाच्या दिवशी ओरडलो. "खरं सांग, कसा आहे केक? या घरात परत कुणी खोटं छान म्हणायचं नाही!" पोरगी रडायलाच लागली. विजू मध्ये पडला, "पप्पा, अहो लहान हाय ती." पण ती तुझी नात असली तरी तुझ्यासारखी नाही. नाक पुसलं आणि म्हणाली, "मेणबत्ती खाल्ल्यासारखा लागतोय."

मला एवढं बरं वाटलं म्हणून सांगू!

आणि मग तिनं माझ्याकडं बोट केलं. "मग तुम्ही पण खरं सांगा, आबा. तुम्ही जिन्यात रोज टेकता ते चप्पल नीट करायला नाही. तुम्हाला दम लागतो. मी बघितलंय, तुम्ही छातीला हात लावून बसता."

विजू माझ्याकडं बघायला लागला. सूनबाईनं हातातली ताटली खाली ठेवली. माझ्या तोंडावर आलंच होतं, "काही नाही रे, छान आहे मी." अगदी ओठांवर. तुझ्यावर ओरडायला निघालो होतो, आणि महिनाभर मी तेच करतोय!

म्हणालो, "व्हय. दम लागतोय. डाव्या हाताला कळ पण येते."

आत्ता विजू गाडी काढतोय, दवाखान्यात दहाला नंबर लावलाय. घाबरलोय मी, तेही लिहून ठेवतो. डॉक्टरला सगळं सांगेन, एक कळसुद्धा झाकणार नाही, हा शब्द तुला. आणि येताना सईला घेऊन दुकानात जाईन. तुझी वही बरोबर नेईन, चॉकलेटच्या कागदामागचं बारीक अक्षर तिच्याकडून वाचून घेईन, टक् आवाज येतो का बघेन. परवा आपल्या लग्नाचा वाढदिवस आहे. तुझ्या फोटोपुढं या वेळी खरं चॉकलेट ठेवीन. ते चांगलं नसलं तर सई सांगेल मला.

अजून चिडलेला,
विजूचे पप्पा