लेन्सवरचं टोपण

अण्णा, आज माझ्यामुळे एका चांगल्या नेमबाजाला घरी बसावं लागलं असतं, आणि तेव्हापासून तुम्हीच डोळ्यांसमोर आहात. तुम्ही गेल्यावर मी बेंगळुरूला आले. इलेक्ट्रॉनिक सिटीत आम्ही फौजेच्या सरावाची यंत्रं बनवतो. पडद्यावर शत्रू, हातात खोटी रायफल, आणि समोरून डोळ्यांवर हिरवा लेझर. इजा करत नाही, पण नेम किती ढळतो ते आम्ही बघतो. फेरीआधी मी ओरडायचं, "लेझर येणार!", आणि चहाला उठताना लेन्सवर टोपण घालायचं, अशी पद्धत. चहानंतर खानापूरकडच्या एका जवानाची पाळी. सकाळी, लेझरशिवाय, ह्याची एक गोळी चुकली नव्हती. मी ओरडले आणि सगळ्या गोळ्या विखुरल्या. "डोळे दिपले हो मॅडम," म्हणत तो डोळे चोळतोय, पाणीसुद्धा आलंय. त्याचे साहेब म्हणाले, बाकीचे टिकले, ह्याचीच नजर कच्ची, नेमबाजांच्या संघातून नाव काढा. मी यंत्राकडे गेले तर काय, टोपण तसंच! किरण बाहेर पडलाच नव्हता. गप्प बसले असते तर कुण्णाला कळलं नसतं.

स्वयंपाकघरात माझ्या खांद्याला रायफलीसारखं उलथणं टेकवून तुम्ही शिकवायचात, "गडबड नको गं, आधी श्वास सोड, मग बोट." आणि मग बेळगावच्या रेंजवरची ती स्पर्धा. तुमची शेवटची गोळी भलतीकडेच जाते. घरी येऊन तुम्ही एवढंच म्हणालात, "नजर गेली माझी." जवानांना नेमबाजी शिकवायचं उस्तादाचं काम सोडलंत, चष्मा आणलात. त्याचा नंबर इतका किरकोळ की डॉक्टरही हसले होते.

"साहेब, चूक माझी, टोपण काढलंच नव्हतं," मी म्हणाले. ते असे भडकले म्हणता! जवान मात्र मला विचारतो, "म्हणजे मी नुसता भ्यालो की काय?" मी म्हटलं, आधी श्वास सोडा, मग बोट. दुसऱ्या फेरीत लेझर खरा होता, तरी दोनच गोळ्या बाहेर गेल्या. नाव राहिलं त्याचं.

हे पत्र टाकायला पत्ता नाही, म्हणूनच धीर होतोय. त्या दिवशी रेंजवर, तंबूपाशी उन्हात बसून, मी डब्याच्या झाकणाने कवडसा पाडत होते. तो तुमच्या तोंडावर गेला. मी पाहिलं, आणि झाकण पटकन फ्रॉकखाली लपवलं. तुमची नजर चांगली होती, अण्णा.