गल्लीत न मावलेलं तारू

आदरणीय ताईस,

तुझ्या धाकट्या आणि सध्या दोन्ही गुडघ्यांनी अधू झालेल्या भावाचा सप्रेम सलाम. प्रभूच्या कृपेने तुझी तब्येत ठीक असेल, चष्म्याचा नवा नंबर डोळ्यांना मानवला असेल आणि शिलाई मशीनचा पट्टा बदलायला येणारा तो मेकॅनिक या खेपेला तरी सोबत पट्टा घेऊन आला असेल, अशी आशा करतो. माझी तब्येत उत्तम आहे. फक्त बसलं की उठता येत नाही आणि उठलं की बसता येत नाही. गुडघे आधीही कुरकुरायचे; इतकं का झालं ते ओघात येईलच, पण आधी तू मला ज्या कामावर पाठवलंस त्याबद्दल.

काम तू विसरली नसशीलच (तू काही विसरत नाहीस हीच आपल्या घराण्याची मुख्य अडचण आहे), तरी एकदा कागदावर येऊ दे. तुझ्या लेकीने शाळेतली पगाराची नोकरी सोडली, स्वतःच्या तिन्ही मुलांची नावं शाळेतून काढली आणि प्रार्थनेपासून बीजगणितापर्यंत सगळं घरीच शिकवायला घेतलं, तेव्हापासून तू तिच्याशी बोलत नाहीस. जन्मभर दुसऱ्यांच्या पोरांचे गणवेश शिवून तू तिला शिक्षिका केलंस आणि तुझ्याच नातवंडांच्या अंगावर गणवेश नाही, हे तुझं दुःख मला कळतं. शेवटी तुम्हा मायलेकींनी माझ्यामार्फत तडजोड केली. मी निवृत्त मुख्याध्यापक, तेव्हा मी जाऊन परीक्षा घ्यायची. मी नापास म्हटलं तर नव्या सत्रापासून तिघंही शाळेत. पास म्हटलं तर या विषयावर तू पुन्हा तोंड उघडायचं नाही. (तू हे कबूल केलंस तेव्हा ते तोंड आधीच बंद होतं, ही गोष्ट माझ्या फार उशिरा लक्षात आली.)

तर मी न कळवता, सकाळीच, कोटाच्या आतल्या खिशात प्रश्नपत्रिका घालून दारात हजर झालो. दार धाकटीने उघडलं. तिला घरात पिटुकली म्हणतात. कानावर पेन्सिल खोचलेली, पुढचे दोन दात गायब. शाळा चालू आहे, बूट बाहेर काढा आणि हळू बोला, असं तिने मला बजावलं. आत जाऊन पाहतो तर शाळा कुठेच नाही. थोरली टेबलाखाली मांडी घालून मोठ्याने वाचत होती (तिचं बोलणं नेहमी उपदेशाच्या अंगाने जातं म्हणून तिला बिशप म्हणतात). मधला सोफ्यावरून उलटा लोंबकळत पाढे म्हणत होता. त्याला वकील म्हणतात आणि ते का म्हणतात हे कळायला मला दोन वाक्यं पुरली. तुझी लेक शेगडीपाशी उभी होती. एक डोळा दुधावर, एक वकिलाच्या वहीवर आणि आयांना जो तिसरा फुटतो तो माझ्यावर. मी खुर्चीत बसून शाळा भरायची वाट पाहू लागलो. बराच वेळ घंटा होईना, तेव्हा शाळा कधी सुरू होते असं विचारलं. बिशपने माझ्याकडे फार करुणेने पाहिलं आणि पहिले दोन तास संपले असं सांगितलं.

आता त्या ग्रंथालयाबद्दल लिहिल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. आपले जावईबापू फ्रिज दुरुस्त करतात हे तुला माहीत आहेच. दुरुस्तीपलीकडे गेलेला एक फ्रिज त्यांनी गॅलरीत उभा केला आहे आणि त्यात पुस्तकं आहेत. वरच्या कप्प्यात इतिहास, मधे भूगोल, भाज्यांच्या ट्रेमध्ये व्याकरण, अंड्यांच्या खळग्यांमध्ये खोडरबर. मी एकदा सवयीने थंड पाणी घ्यायला तो उघडला आणि हातात नकाशांचं पुस्तक घेऊन परत आलो. त्याच फ्रिजचं मागचं यंत्र सोडवून संध्याकाळी बाप मुलांना विज्ञान शिकवतो. दिवसभर लोकांच्या घरी राबून आलेला माणूस, पण जमिनीवर बैठक मारून उष्णता कुठून कुठे जाते ते सांगायला लागला की त्याच्या तोंडावरचा थकवा पार जातो. मी पस्तीस वर्षं तो धडा फळ्यावर काढला, पण मला स्वतःला तो त्या संध्याकाळी समजला. हे मी माझ्या जुन्या शाळेत कुणाला सांगणार नाही, तूही सांगू नकोस.

दुपारी जेवणाआधी सगळे डोळे मिटतात आणि ज्याला जे मागायचं ते तो आपल्या शब्दांत मागतो. पहिल्याच दिवशी पिटुकलीची पाळी होती. ती म्हणाली, ‘देवा, मामाआजोबा आमची शाळा बंद करायला आलेत. पण त्यांचे गुडघे पण दुखतात. त्यांना बरं कर. बटाट्यांबद्दल थँक्यू. आमेन.’ ताई, मी मुख्याध्यापक असताना माझ्याविरुद्ध बऱ्याच तक्रारी वरपर्यंत गेल्या, पण इतक्या वर कुणी नेली नव्हती. तुझी लेक मान खाली घालून पोरांना वाढत राहिली. तिने मुलांपासून काही लपवलेलं नाही, पण तुझ्याबद्दल वाकडा शब्दही काढलेला नाही. उलट रोजच्या प्रार्थनेत आजीचं नाव सगळ्यांत आधी असतं, आणि ते कुणी आठवण करून न देता येतं.

दुसऱ्या दिवशी मी परीक्षा घेतली. कडक घेतली. नात्यागोत्याचा विचार केला नाही. बिशपने भाषेत मला गारद केलं. निबंध लिहून शिवाय खाली टीप दिली की प्रश्न जरा अघळपघळ होता. (खरंच होता.) त्यांच्या वरच्या मजल्यावरच्या आजारी बाईंना ही मुलगी रोज पेपर वाचून दाखवते, वकील सूप घेऊन जातो आणि पिटुकली त्यांच्या उशाशी बसून त्यांना हसवते. भाषेचा तास तोच आणि शेजारधर्मही तोच, वेगळा वेळ काढायची भानगड नाही. पिटुकलीने मला घड्याळ, बेरीज आणि रिकाम्या पोटाचं महत्त्व समजावून सांगितलं. पण वकील गणितात आपटला. साठाला तीन-चतुर्थांशाने भागायचं होतं. त्याने ठासून पंचेचाळीस लिहिलं आणि अपूर्णांकांच्या प्रत्येक गणितात हाच गोंधळ घातला. मी पेपर तपासला आणि तुझ्या लेकीपुढे ठेवला. तिचा चेहरा उतरला. मी थोडा घोटाळलो, काही सवलत द्यावी असं मला वाटू लागलं, तर तीच म्हणाली, ‘मामा, आईला खरं तेच लिही.’ आणि ओटा पुसायला लागली. तो आधीच स्वच्छ होता.

इथे मी हे पत्र लिहून टाकलं असतं तर मामला मिटला असता. तेवढ्यात सकाळच्या बायबलवाचनात नोहाचं तारू आलं, महापुरात तरलेलं ते जहाज. तीनशे हात लांब, पन्नास हात रुंद, तीस हात उंच. आपण लहानपणी ‘बापरे, केवढं मोठं’ म्हणून पुढे गेलो. या घरात असं पुढे जाता येत नाही. तारू केवढं होतं ते खडूने गल्लीत आखून पाहायचं ठरलं. हात म्हणजे कोपरापासून बोटाच्या टोकापर्यंत, पण कुणाचा? वकिलाने युक्तिवाद केला की नोहा वयस्कर होता, सबब मोजणी वयस्कर माणसाच्या हाताने व्हावी. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग तुझा भाऊ, निवृत्त मुख्याध्यापक, भर सकाळी गल्लीत गुडघ्यांवर बसला आणि रस्त्यावर हात टेकवत पुढे सरकू लागला. मागे बिशप मोजते आहे, पिटुकली खडूने खुणा करते आहे. सलूनपाशी पोचलो तोवर अर्धी दाढी झालेलं गिऱ्हाईक बाहेर आलं होतं. काय हरवलं असं त्याने विचारलं. मला मान वर करायला सवड नव्हती, म्हणून मी नुसताच हुंकार दिला. त्यावरून अंगठी हरवली असा निष्कर्ष निघाला आणि सलूनवाला, औषधांच्या दुकानातली मुलगी आणि दोन अनोळखी गृहस्थ ओणवे होऊन शोधायला लागले. एकाला बटण सापडलं. ते माझं नाही म्हटल्यावर तो नाराज झाला. गल्लीच्या टोकाला बँकेची भिंत आहे. तिथे पहारेकऱ्याने मला अडवलं तेव्हा आमचं तारू अर्धंसुद्धा झालेलं नव्हतं.

तारू गल्लीत मावत नाही, आता काय? मला वाटलं सुटलो. पण वकील म्हणाला, सगळ्याचा पाचवा भाग घेऊ. तीनशेचे साठ, पन्नासचे दहा, तीसचे सहा. तोंडी! भिंतीला टेकून बसलो होतो तो मी सरळ झालो. पण माझे गुडघे संपलेले पाहून तो म्हणाला की आता तो मोजणार. घराच्या दारापाशी परतून त्याचा हात माझ्या हाताशी लावला तर बरोबर तीन-चतुर्थांश भरला. म्हणजे माझे साठ, त्याचे किती? ‘पंचेचाळीस,’ तो म्हणाला, ठासून. तुझी लेक दारात उभी होती. तिने ऐकलं. मी तिच्याकडे पाहिलं, ती गप्प राहिली. (मी असतो तर ओरडलो असतो. पस्तीस वर्षं ओरडत आलो.) पोरगं मोजत निघालं. पंचेचाळिसाव्या हाताला थांबलं तर माझी साठाची खूण अजून बरीच लांब. तो तसाच गुडघ्यांवर बसून राहिला. मग स्वतःशीच म्हणाला, ‘उसवा.’ उठला, मागे गेला, जिथपर्यंत बरोबर होतं तिथे उभा राहिला आणि एकदम ओरडला की लहान हात जास्त वेळा लागणार, कमी कसा लागेल! ऐंशी! आणि ऐंशीव्या हाताला खडूची रेघ माझ्या खुणेला जाऊन टेकली. सलूनवाल्याने टाळ्या वाजवल्या. मी रडलो, ताई. गुडघ्यांमुळे असं मी सगळ्यांना सांगितलं.

संध्याकाळी त्याला तोच पेपर पुन्हा दिला, आकडे बदलून. एक चूक केली, आणि ती शोधून त्यानेच मला दाखवली.

सगळं गोड आहे असं समजू नकोस. वकिलाचं अक्षर पाहवत नाही. घंटा नसल्यामुळे मधली सुट्टी कधी झाली ते कळत नाही आणि माझी दोनदा हुकली. तुझी लेक दमते. परवा कणीक भिजवता भिजवता तिने इतिहास शिकवला आणि परातीत हात तसाच ठेवून बसल्या जागी डुलकी घेतली. मुलांनी आवाज न करता आपापली पुस्तकं उघडली. मी पस्तीस वर्षांत वर्गात डोळे मिटायचं धाडस केलं नाही, कारण मिटले असते तर वर्ग उरला नसता. मला तिचा अभिमान वाटतो, ताई. सरळ लिहितो. तिघंही पास.

सर्वांना यथायोग्य सांग. मशीनला तेल देत जा.

तुझा धाकटा भाऊ

ता.क. करारानुसार आता तू या विषयावर तोंड उघडायचं नाहीस. पण तो करार मी रद्द करतो. माझं काम तुझं तोंड बंद करायचं नव्हतंच.

ता.क. दुसरा: ‘उसवा’ हा शब्द तुला ओळखीचा वाटला असेल. इथे कुणी चुकलं की लाल रेघ मारत नाहीत, बरोबर टाक्यापर्यंत उसवतात आणि तिथून पुन्हा घालतात. हे कुठल्या पुस्तकातलं, असं मी तुझ्या लेकीला विचारलं. तर म्हणाली की मशीनशेजारच्या स्टुलावरचं. तू गणवेशांची बटणं तिच्यापुढे ओतून बेरीज शिकवायचीस, पायाने मशीन चालवत स्तोत्रं म्हणायचीस आणि ती चुकली की एवढंच म्हणायचीस: उसव, लाजू नको. ताई, त्या खोलीतही गणवेश घातलेलं कुणी नव्हतं, सगळे घडी करून ठेवलेले असत.

ता.क. तिसरा, आणि हेच खरं काम: गल्लीत माझ्या विजारीचे दोन्ही गुडघे फाटले आहेत. इथे शिंपी आहे, पण त्याच्यावर माझा भरवसा नाही. विजार मी तशीच ठेवली आहे. तू स्वतः येऊन शिव. माझं परतीचं तिकीट मी रद्द केलं आहे (मला इथे भूगोल दिला आहे). पत्र रात्रभर टेबलावर उघडं राहील, खाली कुणाला दोन ओळी लिहायच्या असतील तर जागा सोडली आहे, सकाळी टाकीन.

आई, मामाची विजार मी शिवू शकते, तूच शिकवलंयस. तरी ये.