माझ्या वाट्याची अर्धी रायफल

मी, ऑगस्टीन इनास रुमाव, वय वर्षे सदुसष्ट, मूळ गाव वसईजवळचे गास, हल्ली मुक्काम नईम, मनामा, बहरीन, डोके ठिकाणावर असताना, कोणी न सांगता, न धमकावता आणि सकाळचा चहा पिऊन झाल्यावर हे मृत्युपत्र लिहीत आहे. डॉक्टरांनी माझ्या हृदयाचे जे चित्र दाखवले ते फारसे सुबक नव्हते. हात मात्र अजून थरथरत नाही, हे अक्षरावरून दिसेलच. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही. माझ्या नावाचे दुसरे कोणी काढून दाखवले तर ते खोटे समजावे.

कलम पहिले. गासचे घर, विहीर, पंप आणि मागची केळीची वाडी माझी पत्नी जोसेफीन हिची. कुंपणावरच्या फणसाची फळे शेजारी दरवर्षी न विचारता नेतात. त्यांनी ती खुशाल न्यावीत, पण यापुढे जोसेफीनला विचारून. ती नाही म्हणणार नाही, फक्त आधी अर्धा तास बोलेल.

कलम दुसरे. बँकेतली शिल्लक आणि बंदरातल्या कचेरीने निवृत्तीच्या वेळी दिलेले पैसे जोसेफीन आणि मुलगी कार्मेल यांनी समसमान घ्यावेत. माझी मराठी शाळेची क्रमिक पुस्तके एकट्या कार्मेलला. तिला मराठी सगळे कळते, उत्तर मात्र इंग्रजीत येते. तिने ती वाचली नाहीत तरी चालेल, पण कपाटात अशा जागी ठेवावीत की पाहुण्याने विचारावे आणि तिला सांगावे लागावे.

कलम तिसरे. सुतारकामाच्या हत्यारांची पेटी शंभू मेस्त्रीला द्यायची होती. परंतु तो इथे साक्षीदार आहे, आणि साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही घेता येत नाही असे वकील म्हणाले, म्हणून ती मी त्याला मागच्या आठवड्यातच देऊन टाकली. कायद्याचा मान राहिला, पेटीही योग्य घरी गेली.

कलम चौथे. रायफल. हे कलम लांबणार आहे.

सन १९७२ मध्ये इंग्रज पलटणी इथून गेल्यावर रिफा गावापलीकडच्या वाळवंटातल्या नेमबाजी क्लबने काही जुन्या रायफली विकायला काढल्या. त्यातली १९१७ सालची एक थ्री-नॉट-थ्री मी आणि माझा मित्र रॉबर्ट तुस्कानो यांनी मिळून घेतली. ती माझ्यापेक्षा दोन वर्षांनी मोठी आहे. राहते क्लबच्याच शस्त्रागारात, क्लबच्याच परवान्यावर. मालकी कशी लिहायची असे चिटणीसाने विचारले, तेव्हा रॉबर्ट म्हणाला, नळीची पुढची बाजू याची, मागची माझी. चिटणीस गोरा होता, त्याला थट्टा कळली नाही, त्याने तसेच नोंदवले. तेव्हापासून नळीच्या टोकावरची माशी माझी आणि डोळ्याजवळची खाच रॉबर्टची. खाचेत माशी बसवायची आणि माशीवर निशाण, इतकी साधी ती जुनी व्यवस्था.

पाच-सहा वर्षांतच रॉबर्टला सुधारणेची हौस आली. नईममधल्या बंदुका दुरुस्त करणाऱ्या ताहिर मिस्त्रीकडे एक चकती आली होती. मधोमध बारीक भोक, त्यातून पाहिले की नजर आपोआप स्थिर होते. पण ती बसवायची तर रायफलीच्या अंगाला दोन छिद्रे पाडायची आणि पुढची माशी काढून उंच माशी लावायची. म्हणजे माझी संमती हवी. मी दिली नाही. जिने दोन महायुद्धे त्या खाचेवर काढली, तिला म्हातारपणी भोके पाडायची, हे मला आजीचे नाक टोचण्यासारखे वाटले. रॉबर्ट म्हणाला, आजीला दिसत नसेल तर चष्मा देतोस की नाही? हा वाद आम्ही दर शुक्रवारी, म्हणजे इथल्या सुटीच्या दिवशी, चर्चमधली मिसा झाल्यावर गाडीत बसलो की सुरू करत असू, आणि तो रिफा येईपर्यंत पुरे.

माझे म्हणणे असे की नेम खाचेने किंवा चकतीने लागत नाही, श्वासाने लागतो. शाळेत वर्टी गुरुजींनी शार्दूलविक्रीडितात एक ओळ रचायला सांगितली होती. मी खाजणातल्या बगळ्यावर रचली:

आता शांत उभा रहा क्षणभरी, डोळा मिटू दे जरा

गुरुजी म्हणाले, पहिला तुकडा बरा आहे, दुसरा नुसती भरती. बगळा डोळा मिटेल तर मासा कसा धरेल? वर्ग हसला. पन्नास वर्षे हा राग मी जपून ठेवला आहे. पण नेम धरताना मी तीच ओळ मनात म्हणतो. 'क्षणभरी'पाशी यती येते, श्वास थांबतो, आणि तिथेच चाप ओढायचा. पुढचा तुकडा बाराच्या आवाजात जातो. रॉबर्ट मुंबईच्या इंग्रजी शाळेत शिकलेला. त्याला वृत्त म्हणजे बातमी. तो मागून म्हणायचा, "ऑगस्टीन, यल्ला, आटप लवकर, तुझी कविता होईपर्यंत कागद पिवळा पडेल." तरीही निशाणाच्या जवळ गोळ्या माझ्याच लागत.

मागच्या हिवाळ्यात रॉबर्टचे मोतीबिंदू काढले. जाड भिंगांचा चष्मा लावून तो आला आणि तीन गोळ्या झाडल्या. कागद कोरा राहिला. मी वाट पाहत होतो की आता हा चकतीचा विषय काढणार. त्याने रायफल हळूच खाली ठेवली.

"खलास," तो म्हणाला. "मला खाच दिसते. कागदसुद्धा दिसतो. तुझी माशीच दिसत नाही रे."

त्याने चकतीचे नावही काढले नाही. त्यानंतर तो आलेला नाही. दर शुक्रवारी त्याची पत्नी व्हेरॉनिका फोन उचलते आणि म्हणते, ते झोपलेत. माझ्या ओळखीतला रॉबर्ट दुपारी कधी झोपलेला नाही.

परवा क्लबचे पत्र आले. जी रायफल वर्षभर मालकांपैकी कोणी वापरत नाही तिचा घोडा कापून ती दिवाणखान्यात शोभेला टांगतील. मी एकट्याने वापरली तरी नियम पाळला जाईल, पण डॉक्टरांनी मला धक्का बसेल असे काही करू नका म्हणून सांगितले आहे, आणि थ्री-नॉट-थ्रीचा खांद्याला बसणारा धक्का डॉक्टरांना ठाऊक नाही. जोसेफीनला आहे. कार्मेल म्हणाली, "पप्पा, इट्स ओन्ली अ गन." जोसेफीन म्हणाली, "गन नाही गो, माझी सवत आहे ती. पण सवतीलाही कोणी भिंतीवर टांगत नाही."

भोके न पाडलेली, अस्सल, आणि मुकी. की दोन भोकांची आणि बोलती. माझा निर्णय असा की माझा पुढचा अर्धा भाग, माशीसकट, रॉबर्ट तुस्कानो यास मिळावा. त्याने चकती बसवावी, माशी बदलावी. जुनी माशी जोसेफीनला द्यावी, ती शिवणाच्या डब्यात ठेवील.

इथवर लिहून मी पुन्हा वाचले. हे कलम माझ्या मरणानंतर अमलात येणार, आणि जोसेफीनच्या नवसांचा जोर पाहता मी आणखी दहा वर्षे सहज जगेन. तोपर्यंत रायफल भिंतीवर आणि रॉबर्ट फोनच्या पलीकडे. म्हणून चकतीची संमती मी आजच वेगळ्या कागदावर सही करून ताहिरच्या हाती देत आहे. येत्या शुक्रवारी मी रॉबर्टला न्यायला जाईन आणि तो उठेपर्यंत खाली हॉर्न वाजवीन. 'मी जिंकलो, मी जिंकलो' असे त्याने वर्षभर म्हणत राहावे. मी ऐकून घेईन, तेवढे हृदय मजबूत आहे.

अट एकच. चाप ओढण्यापूर्वी त्याने माझी ओळ म्हणायची, मराठीत. पहिला तुकडा मी त्याच्याकडून पाठ करून घेईन.

कलम पाचवे. मला गासच्या चर्चमागे पुरावे. भाषणे नकोत, कोणाला आवरत नसेल तर पाच मिनिटे. रॉबर्टने कबरीशी यावे आणि ओळीचा दुसरा तुकडा म्हणावा, जो आजवर बाराच्या आवाजात जात होता. मग वर्टी गुरुजींनाही तो भरतीचा वाटणार नाही. मी त्यांना या कागदाने माफ केले आहे.

हे सर्व मी स्वतः लिहिले, वाचले आणि मान्य केले.

ऑगस्टीन इनास रुमाव (सही)

आम्हा दोघांच्या डोळ्यांदेखत सही झाली. त्या वेळी श्री. रुमाव शुद्धीत होते व ओळ म्हणत होते.

साक्षीदार: शंभू गणपत मेस्त्री, सुतार, अदलिया (सही)
साक्षीदार: ताहिर अब्दुल्ला, बंदूक-दुरुस्ती, नईम (सही. संमतीचा कागद मिळाला. चकती तेल लावून तयार आहे.)

स्थळ: नईम, मनामा, बहरीन
दिनांक: १९ नोव्हेंबर १९८६, बुधवार