मनगटाचा खळगा

१४ जानेवारी
आग्नेसबायसाठी शिवणीच्या लाकडाची गिटार केली होती, ती परत आली. मान वाकलीय, सूर एका जागी थांबत नाही. हलकं लाकूड तारांचा ताण सोसत नाही. सागाचं सोसतं, तर ते बाईंच्या मांडीला पेलत नाही. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. गुडघ्याचं ऑपरेशन त्यांचं झालंय आणि लंगडतोय मी.

शेजारच्या गाळ्यात स्टीलच्या ताटांचं बफिंग दिवसभर चालू. वर तिथल्या शेठने आज पुन्हा एक गिऱ्हाईक माझ्याकडे पाठवलं. "भाई, स्टील का गिटार इधर बनता है? कौनसे गेज में?" अरे बाबा, तारांवर फिरवायचा दांडा स्टीलचा. गिटार लाकडाची, मांडीवर आडवी ठेवायची. ह्या भाईंदरात स्टील म्हटलं की लोकांना फक्त ताट-वाटी दिसते.

२ फेब्रुवारी
चौकला, आग्नेसबायच्या गावी, जाऊन आलो. आ.बाय खाटेवर, शेजारी त्यांची सागाची गिटार. माझ्या वडिलांनी, आप्पांनी केलेली, माझ्या जन्माच्या आधीची. उशीवर ठेवलीय, तिच्यावर स्वच्छ टॉवेल. आजारी माणूस नक्की कोण, तेच कळेना.

"पोरा, ईस्टरला मना चर्चात वाजवायचाच हाय. न्हायतर तो कीबोर्डवाला माज्या जागेवर बसंल. न एकदा बसला का कोन उठवतंय त्याला?"

म्हटलं, करतो काहीतरी. काय करतो, ते मलाच माहीत नाही.

निघताना त्यांचा भाचा बस्त्याव भेटला. होड्यांचं फायबरचं काम करतो. म्हणाला, "फायबरची करूया की, मिस्त्री. निम्म्या वजनात येईल. खारी हवा लागली तरी फुगायची न्हाय."

मी म्हटलं, गिटार म्हणजे पाण्याची टाकी नव्हे.

"होडी पन लाकडाचीच व्हती. आता चौकात लाकडाची नवी होडी दाखव मना."

बसमध्ये बसल्यावर चांगली चार उत्तरं सुचली.

५ फेब्रुवारी
बस्त्याव गाळ्यावर आला. आप्पांचा जुना नमुना भिंतीवर टांगलाय, तो बघून म्हणाला, "ही कंबर कशाला? हुभी धरून वाजवनाऱ्याच्या मांडीसाठी ना ती? आडव्या गिटारीला कंबर कशाला पायजे? सरळ पेटी करू. साचा सोपा, काम झटपट."

वाईट ह्याचं वाटलं की त्याचं बरोबर आहे. आप्पांनी कंबर ठेवली कारण गिटारीला कंबर असते. मी ठेवतो कारण आप्पांनी ठेवली.

आ.बायना फोन केला. त्या म्हणाल्या, "कंबर काढली तर मी तिला उचलू कुठून?" कंबर राहिली. जिंकलो म्हणायचं, पण जिंकल्यासारखं वाटलं नाही.

१९ फेब्रुवारी
अजून एक लाकडाचा प्रयोग. मान आतून पोकळ केली, पाठीची फळी पातळ घेतली. तारा चढवल्या, संध्याकाळपर्यंत पाठीला चीर गेली. कोपऱ्यात फेकली. सुनंदा डबा घेऊन आली होती, तिने उचलून परत टेबलावर ठेवली. म्हणाली, "अहो, बाईंना वाजवायचंय. तुमचं लाकूड जिंकायला हवं असं त्या कुठे म्हणाल्या?"

जेवलो नाही. नंतर जेवलो.

२४ फेब्रुवारी
बस्त्यावला हो म्हटलं. तर त्याची अट, साचा काढायला मूळ वस्तू पाहिजे. भिंतीवरच्या नमुन्यावर भागणार नाही. आ.बायचीच गिटार लागणार, आप्पांची. तिला मेण चोपडायचं, वर जेलकोटचा गुळगुळीत थर, वर फायबरची चटई आणि रेझिन. सुकलं की कवच सोडवून घ्यायचं. मूळ गिटार जशीच्या तशी बाहेर येते म्हणतो.

विचारलं, होडी येते का जशीच्या तशी?

"येते ना." मग हळूच, "आमच्या पयल्या साच्याची होडी डावीकडं झुकायची. आता तिच्या समद्या पोरी डावीकडं झुकतात. पन बुडाली न्हाय एक बी."

३ मार्च
गिटार आणायला गेलो. आ.बायना सांगितलं, माप घ्यायला नेतोय. साचा, मेण, रेझिन, काही बोललो नाही. नाही म्हणतील, ह्या भीतीने. त्यांनी टॉवेलासकट दिली. "जपून ने, खड्ड्यातून रिक्षा उडतात." रिक्षात मांडीवरून खाली ठेवली नाही. खरंच जड आहे, पाय बधिर झाला माझा. ह्या वयात त्या ती कशी घेत असतील?

११ मार्च
आज डोकं फिरलं. बस्त्यावच्या शेडवर गेलो तर ह्याने गिटार साच्यासाठी 'तयार' करून ठेवलेली. वरच्या फळीच्या काठाला, खालच्या बाजूला, एक खळगा आहे. आ.बायचं उजवं मनगट इतकी वर्षं तिथे टेकून लाकूड झिजलंय. ह्या शहाण्याने त्यात पुट्टी भरली, घासून सपाट केली! वर कौतुकाची वाट बघत उभा. "खड्डा व्हता, भरून टाकला. होडीला असा खड्डा आमी ठेवत न्हाय."

मी किती ओरडलो ते लिहीत नाही. जाळी विणणाऱ्या बायका रस्त्यापलीकडून बघायला आल्या. बस्त्यावने कपडा भिजवून आणला. मग दोघांनी बसून पुट्टी काढली, त्याने ओल्या कपड्याने, मी नखाने. काढताना तो म्हणाला, "मौशीचा हात व्हय हा? सांगायचा तरी ना मिस्त्री."

सांगायला हवं होतं, खरं आहे. मला वाटलं, दिसतंच की.

१३ मार्च
साचा सोडवला. मूळ गिटार जशीच्या तशी आली नाही.

एका कोपऱ्याला मेण पोचलं नव्हतं. कवच ओढलं तसं वरची फळी काठापासून उचकटली, अर्धी साच्याला चिकटून वर आली. आवाज असा आला की बस्त्यावने पटकन क्रूसाची खूण केली. माझा ओरडायचा सगळा कोटा परवा संपला होता. चिकटलेली फळी सोडवून घेतली आणि सगळं टॉवेलात गुंडाळलं.

साचा मात्र झकास उतरलाय. खळग्यासकट.

२८ मार्च
फायबरची झाली. तारा चढवल्या. हलकी, एका हाताने उचलता येते. सूर हलत नाहीत. आवाज मोठा, स्वच्छ, लवकर विझत नाही. राग ह्याचा येतोय की ती वाईट नाही. वाईट असती तर मी आज शांत झोपलो असतो. सागाच्या गिटारीत सूर सुटल्यावर आतल्या आत थोडा घोटाळतो, मग जातो. इथे थेट जातो. फरक एवढाच. सुनंदाला दोन्ही वाजवून... दोन्ही कुठून ऐकवणार, एक उघडी पडलीय.

३० मार्च
चौक. आ.बायनी मांडीवर घेतली, आधी काहीच वाजवलं नाही. "हलकी रे! मांडीवर काय हाय का न्हाय तेच समजत न्हाय." मग मनगट टेकवलं. ते खळग्यात जाऊन बसलं. हात उचलून बघितला, पुन्हा टेकवला.

"नवीन हाय न झिजलेली?"

बस्त्याव म्हणाला, "तुजाच हात हाय तो, मौशी."

त्यांनी दांडा उचलला आणि वाजवायला लागल्या. जेवायची वेळ टळली तरी थांबेनात. मी बाहेर ओट्यावर जाऊन बसलो. डोळे भरले होते, उगाच कुणी विचारायला नको.

५ एप्रिल
ईस्टर. सुनंदा आणि मी चर्चमध्ये मागच्या बाकावर. आ.बाय खुर्चीत, नवी गिटार मांडीवर. शेवटपर्यंत वाजवली, पाय हलवावा लागला नाही. कीबोर्डवाला त्यांच्या मागे उभा राहून त्यांच्या सुराला साथ देत होता. शेजारच्या एका म्हाताऱ्याने मला विचारलं, "तिची जुनीच हाय ना ही? रंग काढला वाटतं नवीन." मी मान हलवली. हो का नाही, त्याचं त्याने ठरवावं.

७ एप्रिल
सकाळी आ.बायचा फोन. आवाज एकदम खूश.

"पोरा, ही वाजवायला बेस हाय. आता माजी कवा आनतोस?"

मी म्हटलं, बाय, ती तुम्हाला पेलायची नाही आता.

"वाजवायला न्हाय रे. ती नुस्ती बाजूला पायजे. रातचा हात लावला तर रिकामी उशी लागते."

आणतो म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

टॉवेल गाळ्यात खुंटीला आहे. फळी जुळवून बघितली, बसते, पण काठाचा एक तुकडा साच्याला चिकटला होता, तो खरवडून काढताना त्याचा भुगा झाला. बस्त्यावला फोन लावला. म्हणाला, "भरून देतो ना पुट्टीने, समजायचं पन न्हाय." म्हटलं, तोंडातून पुन्हा पुट्टीचं नाव काढू नकोस. तो तुकडा नेमका खळग्याचा होता.

सरस भिजत घातलाय. सागाचा जुना तुकडा शोधतोय. मिळेलही. पण झिजवणार कोण?