चिमणीचं मनगट ठणठणीत आहे

ती. ताईस,

धाकट्या भावाचा उभ्यानेच साष्टांग नमस्कार. वाकून करायला हवा हे कळतं, पण पाठीत उसण भरली आहे आणि गेले पाच दिवस मी बुटाची नाडीसुद्धा दुसऱ्याकडून बांधून घेतोय. तुझे गुडघे कसे आहेत? भावोजींची साखर? दोघांनी औषधं वेळेवर घ्या, म्हणजे आपल्या घरात दोन माणसं तरी धड राहतील. पत्र पाहून दचकू नकोस. फोन आहे, तो चालतोही, पण 'हॅलो'नंतर तू मला बोलू देत नाहीस आणि भावोजी मागून स्पीकर चालू करतात. मग मनातलं काही सांगायचं म्हणजे चावडीवर उभं राहून सांगितल्यासारखं होतं. आमच्या संघाच्या डॉक्टरीणबाई उद्या परत निघाल्यात आणि त्यांचं घर तुझ्या मागच्याच गल्लीत आहे, म्हणून पत्र त्यांच्या हाती देतो. आम्ही बाकीचे आणखी दहा दिवस इथेच शिबिराला. (जिंकलेल्यांना सत्कार आणि हरलेल्यांना शिबिर, अशी ही वाटणी आहे.)

आधी पाठीचं सांगतो, म्हणजे ते एकदाचं उरकेल. तीस वर्षं लोखंडाखाली काढली, दीड-दीडशे किलो डोक्यावर धरून उभा राहिलो, पाठीने कधी हूं की चूं केलं नाही. आणि इथे विमानतळाच्या फिरत्या पट्ट्यावरून चिमणीची बॅग उचलताना कट्‌ असा आवाज झाला. बॅगेत तू दिलेला खाऊचा डबा होता. स्टीलचा, कडीचा, घरातला सगळ्यात मोठा. मग तुझ्या लेकीने एका हातात बॅग आणि दुसऱ्या हातात मामा अशी वरात बाहेर काढली. भारतीय संघाचा वेटलिफ्टिंगचा प्रशिक्षक बॅग उचलताना जायबंदी झाला, ही बातमी आमच्या आधी हॉटेलात पोचली होती. (तिला आता अख्खा संघ चिमणी म्हणतो. निरोप द्यायला आलीस तेव्हा सगळ्यांदेखत तू त्याच नावाने हाका मारत होतीस, त्याचं हे फळ.)

पोचल्यावर कळलं की तिचे बूट आलेच नाहीत. आमचे बूट साधे नसतात, टाच लाकडासारखी टणक लागते, दुकानात जाऊन दुसरे आणू म्हणावं तर मिळत नाहीत. ते बूट तीन दिवस कुठे कुठे फिरून, आमच्यापेक्षा जास्त देश बघून परत आले. तोवर ती कुणाचे तरी दोन नंबर मोठे बूट आत बोळे कोंबून घालत होती. त्यात वजनाची कटकट. पंचावन्न किलोच्या गटात पंचावन्न म्हणजे पंचावन्न, वर एक ग्रॅम चालत नाही, आणि स्पर्धेच्या आदल्या सकाळी काटा सातशे ग्रॅम जास्त दाखवत होता. मग पोरीने तीन जाकिटं एकावर एक घालून हॉटेलचे जिने चढायला-उतरायला सुरुवात केली आणि मी पाचव्या मजल्यावर खुर्ची टाकून घड्याळ धरून बसलो. ती दर फेरीला कागदी पेल्यात थुंकायची. (थुंकीलाही वजन असतं, ताई. आमच्या धंद्यात सगळ्यालाच वजन असतं.) तिचं मन चळू नये म्हणून डबा मी माझ्या खोलीत आणून ठेवला, आणि तिच्या नजरेलाच पडू नये म्हणून हळूहळू रिकामाही केला. सोबत म्हणून मीही दोन दिवस तिच्यासमोर जेवलो नाही. (समोर.) शेवटी काटा पंचावन्नला वीस ग्रॅम कमी दाखवून थांबला, तेव्हा ती हसली आणि मीच डोळे पुसले.

आता स्पर्धेची संध्याकाळ. संध्याकाळचं तुला मुद्दाम सांगायला हवं. आमच्यात असं असतं की ज्यांचे आकडे मोठे ते 'अ' गटात, संध्याकाळी, दिव्यांच्या झगमगाटात, टीव्हीच्या कॅमेऱ्यांसमोर. ज्यांचे आकडे लहान ते 'ब' गटात, सकाळी, लोक नाश्ता करत असतात तेव्हा. तुला आठवत असेल, मी खेळाडू म्हणून एकदाच परदेशी गेलो होतो तो 'ब' गटात. आयुष्यातलं सगळ्यात मोठं वजन मी त्या सकाळी उचललं, सहावा आलो, आणि सभागृहात अकरा माणसं होती. त्यातली चार झाडू मारत होती. त्यांनी मात्र झाडू काखेत धरून टाळ्या वाजवल्या, खोटं कशाला बोलू. घरी आल्यावर आई काय म्हणाली ते तुला माहीत आहे. ती शेवटपर्यंत तेच विचारायची, "उचललंस रे खरं, पण बघितलं कोणी?" असो. चिमणी 'अ' गटात होती. चिमणीला सगळं जग बघणार होतं.

आणि भावोजींनी नंतर फोनवर सांगितलं की शेजारपाजारचे सगळे टीव्हीसमोर जमले, चिमणीचं नाव पडद्यावर आलं, आणि तू उठून मागच्या खोलीत जाऊन कपड्यांच्या घड्या घालत बसलीस. त्याच चार चादरी. उलगडायच्या आणि पुन्हा घड्या घालायच्या. ताई, तुला काय म्हणावं आता.

तुला काही दिसलं नसणार, म्हणून सांगतो. आमच्यात दोन प्रकार. स्नॅच म्हणजे जमिनीपासून एका दमात थेट डोक्यावर. क्लीन अँड जर्क म्हणजे आधी खांद्यावर, मग डोक्यावर. दोन्हींत तीन-तीन संधी, आणि एकदा लावलेलं वजन खाली आणता येत नाही. स्नॅचला चिमणी नेहमी अठ्ठ्याहत्तरपासून सुरुवात करते, हात मोकळा होतो, मग वर जाते. इथे चौऱ्याऐंशीपासून करावी लागली. (का ते विचारू नकोस. नियम आहे एक, किचकट आहे.) पहिल्यांदा वजन वर गेलं, पण डावा कोपर जरासा वाकला. दोन पंचांनी लाल दिवे लावले, म्हणजे बाद. डावीकडच्या पंचाला सर्दी झाली होती, तो अर्धा वेळ नाक पुसत होता, त्याला कोपर कुठून दिसला देव जाणे. दुसऱ्यांदा वजन मागे पडलं. सभागृहात इतकी थंडी होती की पोरीचे खांदे आखडले होते, हे मी संघाच्या व्यवस्थापकांना लेखी कळवलं आहे. तिसऱ्यांदा वजन पुढे पडलं, आणि ती चौथऱ्यावर गुडघ्यांवर बसून राहिली. तिन्ही संधी संपल्या. स्नॅचमध्ये भोपळा, आणि भोपळा आला की दोन्हींची मिळून होणारी बेरीजही गेली. त्या वेळी माझी पाठ दुखत नव्हती. कुठलाच अवयव दुखत नव्हता. नुसता उभा होतो.

इथे दोन्ही प्रकारांची पदकं वेगळीही देतात, त्यामुळे नियमाने ती पुढच्यात उतरू शकत होती. मी म्हटलं, झालं तेवढं पुरे, चल, गरम काहीतरी पिऊ. ती तोंड धुऊन आली, पट्टा आवळला आणि विचारलं, "एकशे सहाच ना? राहू दे." आणि ताई, ते एकशे सहा तिने असं उचललं की मागच्या सरावाच्या खोलीतल्या परक्या देशांच्या प्रशिक्षकांनीही माना वळवल्या. मग एकशे नऊ. तिच्या आयुष्यातलं सगळ्यात मोठं. मग एकशे अकरा मागितलं, ते खांद्यावरून पुढे गेलं नाही. कांस्यपदक एकशे दहाला गेलं. चिमणी चौथी. तोवर टीव्हीवाले पोहण्याच्या शर्यतीकडे गेले होते, तेव्हा ते एकशे नऊ भावोजींनाही दिसलं नाही. मला दिसलं. झाडूवाला इथे एकही नव्हता.

त्यानंतर उत्तेजकांच्या तपासणीवाल्यांनी नेमकं तिलाच बोलावलं. पण दोन दिवस पाण्याचा थेंब मोजून प्यायलेली पोर, तिला लघवी होणार कुठून? दीड तास आम्ही एका पांढऱ्या खोलीबाहेर बाकावर बसलो. तिला हुरूप यावा म्हणून मीही बरोबरीने पाणी पीत होतो. तिला एकदा होईस्तोवर मी चारदा जाऊन आलो, आणि माझा नमुना कुणालाच नको होता. त्याच बाकावर व्यवस्थापक आले आणि त्यांनी विचारलं, काय झालं स्नॅचला? मी तोंड उघडायच्या आत ती म्हणाली, मनगट दुखत होतं. तुलाही फोनवर तिने हेच सांगितलं असणार, आणि तू आता तेल कोमट करून बाटलीत भरून ठेवलं असशील. ते कुणाला तरी देऊन टाक. तिचं मनगट ठणठणीत आहे. त्या रात्री त्याच मनगटाने तिने दोघांच्या बॅगा चार मजले वर नेल्या आणि मग माझ्या बुटाच्या नाड्या सोडल्या.  

असो. लिहिण्यासारखं एवढंच. भावोजींना नमस्कार. गुडघ्यांना जपून.

तुझा,
धाकटा

ता. क. वरचं सगळं पुन्हा वाचलं. बूट झाले, थंडी झाली, पंचाची सर्दी झाली, सगळ्यांना बोल लावून झाले, एकच माणूस राहिला. सहा आठवडे आधी एक फॉर्म पाठवावा लागतो. खेळाडू दोन्ही मिळून किती उचलेल ते त्यात लिहायचं, त्यावरून गट ठरतो. चिमणीचं तोवरचं सगळ्यात चांगलं सत्त्याऐंशी आणि एकशे आठ, म्हणजे एकशे पंच्याण्णव. तेवढ्यावर ती सकाळच्या गटात जात होती. मी दोनशे दहा लिहिलं. आता तो किचकट नियम ऐक. जेवढा आकडा लिहाल, त्याच्या वीस किलोच्या आतूनच सुरुवात करावी लागते. दोनशे दहा लिहिलंत तर दोन्ही प्रकारांतल्या पहिल्या उचली मिळून एकशे नव्वद झाल्याच पाहिजेत. चौऱ्याऐंशी आणि एकशे सहा. हा नियम मी पोरांकडून पहिल्याच वर्षी पाठ करून घेतो. वाटलं, सहा आठवड्यांत तेवढं वाढवू. वाढलं ते माझं पोट. मला ती संध्याकाळी दिसायला हवी होती, ताई. तुला दिसायला हवी होती. आणि तू चादरींच्या घड्या घातल्यास.

ता. क. २. आता खरं काम. शिबिरात दुसऱ्या केंद्राच्या एक बाई प्रशिक्षक आहेत. इतकी वर्षं मी त्यांना मागून 'कारकून' म्हणत आलो, कारण त्या सगळं वहीत लिहितात आणि वहीत असेल तेच फॉर्मवर लिहितात. त्यांनी चिमणीला मागितलं आहे. तिने जावं. माझ्याकडे राहिली तर मी पुन्हा असंच काहीतरी करीन, मला मी माहीत आहे. मी सांगितलं तर ती ऐकल्यासारखं करते आणि माझे बूट बांधायला बसते. तू आई आहेस, तू सांग. तुझं ती ऐकेल. माझ्याबद्दल वाईट बोलावं लागलं तरी बोल, तुला सवय आहे.

ता. क. ३. भावोजींना यातलं काही सांगू नकोस. आणि डॉक्टरीणबाई आठवड्याने परत येणार आहेत, तेव्हा रिकामा डबा त्यांच्याबरोबर पाठवतो तो भरून दे. लहान डबा दिलास तरी चालेल.

आई, हे मी लिहितेय. मामा पाठ शेकायला गेलाय आणि पत्र पाकिटात घालायचं काम माझ्याकडे देऊन गेलाय. फॉर्मवर खाली खेळाडूचीही सही लागते. दोनशे दहा मी वाचलं होतं. नियम मलाही पाठ आहे, त्यानेच करून घेतलाय. मी गप्प बसून सही केली, कारण मलाही संध्याकाळ हवी होती. हे त्याला सांगायचा धीर होत नाही, तो आणखीच रडेल. मी बाईंकडे जाणार नाहीये, फक्त तशी वही विकत घेतलीय, यापुढे फॉर्म मी भरणार. डबा मोठाच दे, मला मागच्या वेळी काहीच मिळालं नाही. आणि पुढच्या वेळी मागच्या खोलीत जाऊन बसू नकोस. मी पाडलं तरी बघ.