अंतर चाललं तरी चालेल

४ फेब्रुवारी, मंगळवार

पोचलो एकदाचा. स्टँडपासून ऑफिसपर्यंत यायला जेवढा वेळ गेला, तेवढ्यात मी आमचं अख्खं गाव दोनदा पायी फिरून आलो असतो. तरी खूश आहे. शहराच्या बस कंपनीत वेळापत्रक विभागात नोकरी मिळाली आहे. कुठली बस किती वाजता सुटेल आणि किती मिनिटांत पोचेल, हे आता मी ठरवणार. आजवर हे कोण ठरवत होतं ते आज पाहिलं आणि शहराची कीव आली.

विभागात आठ माणसं. त्यातली सात दीड-दोन तास लांबून येतात. का, तर घर हवेशीर आहे म्हणे. पण हवा खायला घरी असतं कोण? दुसऱ्यांच्या मिनिटांचा हिशोब करून यांची हयात गेली आणि स्वतःचे रोजचे चार तास कुठे सांडतात ते यांना दिसत नाही. आठवा तेवढा वेळेवर असतो. तो ऑफिसात सपाता घालून फिरतो, म्हणून मी त्याचं नाव सपाते ठेवलं. त्याच्या खणात दात घासायचा ब्रश आहे. येईल त्याला तो सांगतो, घरचे निघालेत, पोचतीलच. घरच्यांच्या येण्याचं एवढं कौतुक मी कुठे पाहिलं नव्हतं.

बायकोचं म्हणणं, घर थोडं लांब असू दे, पण ठकीला खेळायला समोर मैदान हवं. ठकी म्हणजे आमची लेक, पाच वर्षांची. मेहुण्याने नेहमीप्रमाणे बहिणीची री ओढली. या माणसाने आजवर चार घरं बदलली, चारही चुकली, आणि त्याला तो अनुभव म्हणतो. मी दोघांना सांगितलं, घराचं माझ्यावर सोडा. मायलेकी बावीस तारखेला येतील.

दुपारी घरांच्या एजंटकडे गेलो. ऑफिसपासून वीस मिनिटांवर त्याचा गाळा आहे. त्याने छापील फॉर्म पुढे केला. त्यात एक प्रश्न होता, ऑफिसपासून किती अंतर चालेल? मी लिहिलं, ‘मी चालणार नाही. अंतर चाललं तरी चालेल.’ खाली झोकात सही ठोकली. एजंटने ओठ हलवत दोनदा वाचलं. हसला नाही. म्हणाला, तुमची हरकत नसेल तर अशी एक जागा आहे. गाढवापुढे वाचली गीता.

५ फेब्रुवारी

जागा घेतली. तिसरा मजला, दोन खोल्या, हिरवा दरवाजा, स्वयंपाकघरात ओट्यावर खिडकी. मैदान नाही. घड्याळ लावून चाललो, दारापासून खुर्चीपर्यंत चौदा मिनिटं. वाटेत इस्त्रीवाला, चष्म्याचं दुकान, शिवणक्लास, बँक आणि चावीवाला, याच क्रमाने.

ऑफिसात सगळ्यांना चौदा मिनिटं ऐकवली. तोंडं पाहण्यासारखी झाली. सपाते तेवढा माझ्याकडे बघत राहिला आणि म्हणाला, आता चौदा आहेत ना. याला बोलायचंही धड येत नाही.

१० फेब्रुवारी

आज अकरा मिनिटं. परवा तेरा लागली होती. पाय सरावले, दुसरं काय.

सहकाऱ्यांचं रडगाणं वाढलं आहे. पावणेदोन तासवाल्याला आता दोन तास दहा मिनिटं लागतात. रस्ता तोच, बसही तीच. मी म्हटलं, झोप काढत असाल, उतरायचं चुकत असेल. नाचता येईना अंगण वाकडं.

इस्त्रीवाल्याकडे दोन शर्ट टाकले होते. त्याचं दुकान आज सापडलं नाही. कुणाला न सांगता गाशा गुंडाळला असणार. या शहरात माणसाला शब्दाची चाड नाही.

१३ फेब्रुवारी

सात मिनिटं. घड्याळ दुसऱ्या घड्याळाशी ताडून पाहिलं. बरोबर आहे.

इस्त्रीवाल्याचं दुकान बंद झालेलं नाही. त्याची जागाच नाही. आमच्या इमारतीला लागून सरळ शिवणक्लास आहे. चष्म्याचं दुकानही गेलं. शिवणक्लासच्या बाईंना विचारलं, तर त्या म्हणाल्या, आमच्या शेजारी कायम हीच इमारत आहे.

ऑफिसात साहेबांनी सगळ्यांना बोलावलं. शहरातल्या प्रत्येक मार्गावर बस उशिरा पोचते आहे, वेळापत्रकं नव्याने करा म्हणाले. मी रात्रंदिवस आकड्यांत असतो, मला दिसतं ते या बैलांना दिसत नाही. माझ्या वाटेवरून जेवढं कमी होतं, त्याहून जास्त यांच्या वाटेत जाऊन पडतं. अंतर कुठे नाहीसं होत नाही.

हे लिहिलं खरं, पण वाचून पाहिलं तर वेड्यासारखं वाटतं. बायकोला सांगणार नाही. मेहुण्याला आयतं कोलीत मिळेल.

१७ फेब्रुवारी

जिना उतरलो आणि समोर ऑफिसचं फाटक. बँक नाही. चावीवाला नाही. रस्ता ओलांडायला रस्ताही नाही.

सपाते फाटकात उभा होता. त्याने हळूच विचारलं, तुम्ही फॉर्मवर काय लिहिलंत. मी सांगितलं. तो म्हणाला, मी लिहिलं होतं, अगदी खेटून असलं तरी चालेल. मी विचारलं, कधी. तो म्हणाला, अकरा वर्षं झाली.

मग म्हणाला, घरचे निघालेत, पोचतीलच.

मला हसू आलं नाही.

१८ फेब्रुवारी

सकाळी आठला एजंटकडे निघालो. वीस मिनिटांची वाट. दीड तास चाललो. त्याच्या गाळ्याची निळी पाटी समोर दिसत होती, सुरुवातीला दिसली तेवढीच. वळलो, तर चार पावलांवर माझा हिरवा दरवाजा.

एजंटला फोन केला. म्हटलं, गंमत केली होती. तो म्हणाला, गमतीचं आम्हाला काय कळणार, लिहून दिलेलं असेल तेच आम्ही धरतो. बदलायचं असेल तर स्वतः या, तेवढी ओळ खोडा, शेजारी सही करा. कुणाच्या हाती पाठवलेलं चालणार नाही. आवाज अगदी सभ्य होता.

शहाण्याला शब्दाचा मार म्हणतात. दुसऱ्यांना सांगायला बरी वाटायची ही म्हण.

२० फेब्रुवारी

हिरवा दरवाजा उघडला की माझी खुर्ची. मध्ये काही नाही. ओट्यावरच्या खिडकीतून सपातेचं टेबल दिसतं. बाहेर पडायला ऑफिसचं फाटक आहे, पण त्यातून गेलं की माझं स्वयंपाकघर येतं.

बायकोला येऊ नको म्हणायला फोन लावला. तिने आधीच विचारलं, घरासमोर मैदान आहे का. मी म्हणालो, आहे.

का म्हणालो? ऑफिसला खेटून घर आणि वर मैदानही, म्हणजे ती हरली, मी जिंकलो, एवढ्यासाठी. मेहुणा शेजारी असेल म्हणून. मी माणूस म्हणून काय लायकीचा आहे ते इथे लिहून ठेवतो. बाकी कुणाला कळणार नाही.

२२ फेब्रुवारी

सातची बस. सहा तासांचा रस्ता. एकला पोचायला हवी.

एकला फोन आला. ड्रायव्हर म्हणतो, अजून दोन तास. ठकी मजेत आहे, खिडकीत बसली आहे.

तीनला — अजून दोन तास.

सहाला तेच. बसमध्ये कुणी तक्रार करत नाही. ट्रॅफिक आहे, म्हणतात.

२३ फेब्रुवारी

दोन तास. खाऊचा डबा संपला. ठकीने विचारलं, बाबा, मैदानात झोपाळा आहे का. मी — हो म्हणालो.

फोन तुटतो. आता मेसेजच जातात.

घर लहान झालं आहे. पलंगावरून हात लांब केला की टेबलाचा खण लागतो. माझा ब्रश त्यातच आहे. मी ठेवला नव्हता.

२४ —

सपातेने त्याचा फोन दाखवला. बायकोचा मेसेज. ‘दोन तासांत पोचतो.’ काल आलेला. परवा आलेला. मागे सरकवत गेलो — सगळे तेच. अकरा वर्षं. सगळ्यात वर, पहिला, त्याने पाठवलेला. ‘सावकाश आलात तरी चालेल.’

तो रडत नव्हता. म्हणाला, तुमचं गाव अजून तिच्या मागे जवळ आहे. आज लिहा. उतर, परत जा. एवढंच लिहा. दुसरं काही लिहू नका, तो शब्द तर नकोच.

सपाता घालणाऱ्याने मला शिकवावं.

पण बरोबर आहे त्याचं. लिहितो.

नंतर

लिहीत होतो. ‘उ’ लिहिला. तेवढ्यात तिचा मेसेज — ठकीला ताप आहे, ती बाबा बाबा करते आहे, मला भीती वाटते, तुम्ही वाट बघताय ना.

परत जा कसं लिहू? तापलेल्या पोरीला — तीही वाट आता केवढी झाली असेल. आणि मला ती हवी आहे इथे. मांडीवर. एकदा.

मी लिहिलं, घाबरू नकोस, मी इथेच आहे. हात आपोआप चालत होता, सगळे लिहितात तसंच, काही मनात नसताना — कितीही वेळ लागला तरी

पाठवलं.

पाठवलं मी. अख्खं वाक्य. त्या शब्दासकट.

सपातेने पाहिलं. टेबलाखालून सपातांचा दुसरा जोड माझ्या पायांशी सरकवला.

उतर लिहितोय. परत परत लिहितोय, जात नाही — ठकी, उतर — आईला सांग, बाबा खोटं बोलले, मैदान नाही, झोपा—

उत्तर आलं.

‘दोन तासांत पो